ऐन वेळी कच कोण खातो?

१९९१ च्या मे महिन्यात मुंबईच्या वानखेडे मैदानावर रणजी करंडकाचा अंतिम सामना झाला. मुंबईविरुद्ध हरयाणा. शेवटच्या दिवशी मुंबईला जिंकण्यासाठी ३५५ धावा हव्या होत्या आणि ३४ धावांतच ३ गडी बाद झाले होते. मग नुकतीच वयाची १८ वर्षे पूर्ण केलेल्या सचिन तेंडुलकरने ९६ धावा ठोकल्या. दुसऱ्या टोकाला दिलीप वेंगसरकर पाय रोवून उभे राहिले. नववा गडी बाद झाला तेव्हा अजून ५० धावा हव्या होत्या. शेवटचा फलंदाज अबी कुरुविला याला साथीला घेऊन वेंगसरकरांनी त्यातल्या ४७ जमवल्या आणि तेवढ्यात कुरुविला धावचीत झाला. मुंबई सर्वबाद ३५२. कपिलदेवचा हरयाणा संघ २ धावांनी जिंकला. वेंगसरकर १३९ धावांवर नाबाद राहिले आणि मैदानावरच त्यांना रडू आवरेना.

आता मला सांगा, वेंगसरकर ऐन वेळी खेळले की ऐन वेळी कमी पडले? आणखी ३ धावा झाल्या असत्या तर हाच डाव 'संकटात धावून येणाऱ्या खेळाडूचा' म्हणून पिढ्यान्‌पिढ्या सांगितला गेला असता. पण त्या ३ धावांमुळे वेंगसरकरांच्या नजरेत, मनगटात किंवा धीरात काडीचाही फरक पडला नसता. सामना गेला तो पलीकडच्या टोकाला कोणीतरी धावचीत झाल्यामुळे.

आमच्या मालवणात बोर्डिंग ग्राउंडवर टेनिस चेंडूच्या क्रिकेटचे सामने रंगतात. सामना संपला की चहाच्या दुकानात निकाल लागतो तो खेळाडूंचा. अमका 'ऐन वेळचा माणूस', तमका 'कच खाणारा'. मोठ्या माणसांच्या गप्पांत हे चालून जाते. पण शाळेचा संघ निवडतानाही हेच शब्द वापरले जातात. शेवटच्या षटकात बाद झालेला मुलगा पुढच्या वर्षी संघाबाहेर बसतो, शेवटच्या चढाईत गुण आणणारी मुलगी कर्णधार होते. एका चेंडूवरून किंवा एका चढाईवरून हा शिक्का मारता येतो का? अटीतटीच्या सामन्यात, शेवटच्या क्षणी, चांगल्या खेळाडूचे खरोखर काय होते? हा प्रश्न मोजमापाचा आहे, म्हणून भौतिकीच्या मास्तराने त्यात नाक खुपसलेले चालेल असे मी धरून चालतो.

प्रथम एक सोपा प्रयोग करू. वर्गातल्या प्रत्येकाने एक नाणे घेऊन ते ५ वेळा उडवायचे. पाचही वेळा छाप पडण्याची संभाव्यता १/३२ आहे. तेव्हा ६४ मुलांच्या वर्गात साधारण दोघांना पाचही वेळा छाप मिळेल. समजा, छाप म्हणजे 'अटीतटीच्या वेळी यश'. मग या दोघांना आपण ऐन वेळचे राजे म्हणायचे काय? त्यांना लगेच आणखी ५ वेळा नाणे उडवायला सांगा. बहुधा त्यांना इतरांसारख्याच दोन किंवा तीन छापा मिळतील. राजेपद नाण्यात नव्हते आणि अंगठ्यातही नव्हते. ६४ जणांतून निवडताना आपणच ते तयार केले होते.

खेळाडू म्हणजे नाणे नव्हे, हे मला मान्य आहे. कौशल्य हे खरे असते. पण अटीतटीचे प्रसंग फार थोडे येतात, आणि थोड्या प्रसंगांत दैवाचा वाटा मोठा असतो. हा वाटा किती मोठा, हे मोजता येते. त्यासाठी ज्याच्यावर असा आरोप सर्वांत जास्त वेळा झाला त्या खेळाडूचे आकडे घेऊ.

'सचिन मोठ्या सामन्यात खेळत नाही', हे वाक्य तुम्ही घरी नक्की ऐकले असेल. पुरावा म्हणून दोन सामने हमखास सांगितले जातात. पहिला जानेवारी १९९९ मधला चेन्नईचा कसोटी सामना. पाकिस्तानविरुद्ध २७१ धावा हव्या असताना सचिन १३६ धावा काढून बाद झाला. तेव्हा अवघ्या १७ धावा उरल्या होत्या, आणि भारत १२ धावांनी हरला. दुसरा २००३ च्या विश्वचषकाचा अंतिम सामना. त्यात तो पहिल्याच षटकात ४ धावांवर बाद झाला. पण हे सांगणाऱ्यांना १९९३ चा हीरो कप आठवत नाही. कोलकात्याच्या उपांत्य सामन्यात दक्षिण आफ्रिकेला शेवटच्या षटकात ६ धावा हव्या होत्या. चेंडू सचिनने हातात घेतला, फक्त ३ धावा दिल्या आणि भारत २ धावांनी जिंकला. १९९८ मध्ये शारजात आपल्या २५ व्या वाढदिवशी अंतिम सामन्यात काढलेल्या १३४ धावाही या हिशेबात येत नाहीत. माणसाच्या आठवणीला हिशेब ठेवता येत नाही. तिला बोचलेले तेवढे लक्षात राहते.

म्हणून वहीच उघडू. एकदिवसीय सामन्यांत सचिन ४५२ डाव खेळला आणि ४११ वेळा बाद झाला. त्याने १८,४२६ धावा केल्या. धावांना बाद होण्याच्या संख्येने भागले की सरासरी येते ४४.८३. आता फक्त स्पर्धांचे अंतिम सामने घेऊ. त्यांत तो ३४ वेळा बाद झाला आणि त्याने १,८५१ धावा केल्या. सरासरी ५४.४४. म्हणजे अंतिम सामन्यांतली सरासरी नेहमीपेक्षा सुमारे १० धावांनी जास्त निघाली! चहाच्या दुकानातला निकाल एकदम उलटा झाला.

पण थांबा. लगेच 'सचिन अंतिम सामन्यात अधिक चांगला खेळतो' असेही म्हणू नका. ३४ वेळा बाद होणे ही संख्या पुरेशी आहे का, हे अजून पाहायचे आहे. इथे मला एक जुना मित्र मदतीला येतो: किरणोत्सारी अणू.

रेडियमचा एखादा अणू पुढच्या क्षणी फुटेल की नाही, हे सांगता येत नाही. अणू कितीही जुना असो, पुढच्या क्षणी फुटण्याची संभाव्यता तेवढीच राहते. म्हणूनच अशा अणूंना अर्धायुष्य असते: ठरावीक काळात निम्मे फुटतात, तेवढ्याच आणखी काळात उरलेल्यांतले निम्मे. आता असे मानू की फलंदाज पुढच्या धावेआधी बाद होण्याची संभाव्यताही कायम सारखी आहे, मग तो ५ धावांवर असो की ९५ वर. तर त्याच्या डावालाही अर्धायुष्य मिळेल, आणि ते सरासरीला ०.६९३ ने गुणून काढता येईल. सचिनसाठी ते सुमारे ३१ धावा येते. ५० धावा म्हणजे सुमारे १.६ अर्धायुष्ये, १०० धावा म्हणजे सुमारे ३.२. गणित करून पाहिले तर १०० पैकी सुमारे ३३ डाव पन्नाशी गाठतील आणि सुमारे ११ डाव शंभरी गाठतील. एकूण ४५२ डावांत पन्नाशी ओलांडणारे १४८ आणि त्यांतली शतके ४९.

प्रत्यक्षात किती? सचिनने ४९ शतके आणि ९६ अर्धशतके केली. म्हणजे पन्नाशी १४५ वेळा आणि शंभरी ४९ वेळा.

हा आकडा पहिल्यांदा जुळला तेव्हा मी कागद बाजूला ठेवून बेरीज पुन्हा तपासली. नाबाद डावांमुळे या हिशेबात थोडा घोळ आहे, आणि कोणताही फलंदाज शून्यावर असताना जरा जास्त धोक्यात असतो हेही खरे. तरीही अणूचा नियम फलंदाजाला इतका चपखल बसावा, याची मौज वाटल्यावाचून राहत नाही.

या नियमाचा आपल्याला उपयोग असा. अशा प्रक्रियेत एका डावापासून दुसऱ्या डावापर्यंतचा चढउतार सरासरीएवढाच मोठा असतो. ४५ सरासरीच्या फलंदाजाने आज ३ आणि उद्या ९० धावा काढल्या तर त्यात विशेष काही घडलेले नसते. आणि अनेक डावांची सरासरी काढली की हा चढउतार डावांच्या संख्येच्या वर्गमुळाने कमी होतो. ३४ चे वर्गमूळ सुमारे ५.८. तेव्हा ४५ ला ५.८ ने भागले की ८ च्या जवळपास आकडा येतो. अंतिम सामन्यांतली सरासरी केवळ योगायोगानेही ८ धावांनी इकडेतिकडे होऊ शकते. आपला फरक १० धावांचा. प्रयोगशाळेत असा फरक आला तर आम्ही विद्यार्थ्याला सांगतो, 'आणखी निरीक्षणे घे.' चुकीच्या मर्यादेच्या निदान दुप्पट फरक आल्याशिवाय आम्ही दखल घेत नाही. तेव्हा सचिन अंतिम सामन्यांत अधिक चांगला खेळे, असे सिद्ध होत नाही. मात्र तो तिथे कच खाई, या म्हणण्याला या आकड्यांत कुठेच आधार नाही.

एवढ्यावर चहाच्या दुकानातले गृहस्थ गप्प बसणार नाहीत. ते म्हणतील, 'कसोटीतला चौथा डाव बघा!' ठीक आहे, बघू. चौथ्या डावात सचिनची सरासरी ३६.९३ आहे आणि एकूण कसोटी सरासरी ५३.७८. तिथे तो ४४ वेळा बाद झाला. वर सांगितलेल्या रीतीने काढले तर योगायोगाचा पल्ला ८ धावांचा, आणि घसरण १७ धावांची. ही घसरण मात्र दखल घेण्याजोगी आहे. पण चौथ्या डावात खेळपट्टी उखडलेली असते, चेंडू वेडावाकडा वळतो, आणि जगातल्या बहुतेक फलंदाजांची सरासरी घसरते. या घसरणीत मनाचा वाटा किती आणि मातीचा किती, हे वेगळे करणार कसे?

आता सुनील गावसकर यांचे आकडे पाहा. एकूण सरासरी ५१.१२, चौथ्या डावात ५८.२५. १९७९ साली ओव्हलवर ४३८ धावांचा पाठलाग करताना त्यांनी २२१ धावा केल्या आणि भारत ८ बाद ४२९ वर थांबला. गावसकर चौथ्या डावात बाद झाले ते अवघे २४ वेळा. म्हणजे योगायोगाचा पल्ला १० धावांचा आणि फरक ७ धावांचा. तेव्हा गावसकरांचा खेळ चौथ्या डावात वाढत असे, असे म्हणता येणार नाही. इतरांचा खेळ जिथे घसरतो तिथे त्यांचा घसरला नाही, एवढे म्हणता येईल. हा फरक बारीक आहे, पण माझ्या मते सगळ्या प्रश्नाची किल्ली त्यातच आहे. (सचिन आणि गावसकर यांच्यातल्या फरकाबद्दल विचाराल तर तोही गणिताने ठामपणे सिद्ध होत नाही. आजोबा आणि नातू यांच्यातला वाद मिटवण्याची माझी तयारी नाही.)

क्रिकेटची अडचण तुमच्या लक्षात आलीच असेल. अटीतटीच्या वेळी फक्त मनच बदलत नाही. खेळपट्टी बदलते, गोलंदाज बदलतो, क्षेत्ररक्षक पांगतात. चांगल्या प्रयोगात एकच गोष्ट बदलावी आणि बाकीच्या तशाच ठेवाव्यात. असा प्रयोग खेळाच्या मैदानावर कुठे सापडेल? तो बास्केटबॉलमध्ये सापडतो.

बास्केटबॉलमध्ये प्रतिस्पर्ध्याने नियमभंग केला की खेळाडूला मुक्त फेक मिळते. फळ्यापासून ४.६ मीटर अंतरावरच्या रेषेमागे उभे राहायचे आणि चेंडू कड्यात टाकायचा. समोर कोणी आडवे येत नाही. अंतर तेच, कड्याची उंची तीच, चेंडू तोच. सामन्याच्या पहिल्या मिनिटाला असो की शेवटच्या सेकंदाला, बदलते ते फक्त खेळाडूचे मन. भौतिकीच्या दृष्टीने याहून सुबक मांडणी मिळणे कठीण.

ही फेक किती अचूक लागते ते पाहा. कड्याचा व्यास सुमारे ४५ सेंटिमीटर आणि चेंडूचा सुमारे २४. कड्याला न लागता चेंडू आत जायचा असेल तर तो मध्यापासून डावीउजवीकडे १०.५ सेंटिमीटरपेक्षा जास्त सरकता कामा नये. कड्याचा मध्य रेषेपासून सुमारे ४.२ मीटर दूर. १०.५ ला ४२० ने भागा, कोन येतो सुमारे दीड अंश. घड्याळाचा मिनिटकाटा १५ सेकंदांत जेवढा वळतो तेवढा! कड्याला लागूनही काही चेंडू आत पडतात हे खरे, पण बोटे किंचित जरी ताठली तरी फेक का चुकते, हे यावरून कळेल.

अमेरिकेतल्या व्यावसायिक बास्केटबॉलमध्ये अशा हजारो फेकींची नोंद वेळेसह ठेवलेली असते. झेंग काओ, जोसेफ प्राइस आणि डॅनियल स्टोन या तिघा संशोधकांनी या नोंदी तपासून २०११ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. अगदी चुरशीच्या सामन्यांच्या अखेरच्या सेकंदांत खेळाडूंची यशस्विता नेहमीपेक्षा सरासरीने ५ ते १० टक्क्यांच्या घरात घसरते, असे त्यांना आढळले. वेळ जितका कमी उरलेला आणि गुणांतला फरक जितका थोडा, तितकी घसरण जास्त. एरवीच ज्यांची फेक कच्ची असते त्यांची घसरण होण्याचा संभव अधिक. दोन फेकींपैकी पहिली चुकली की दुसरी चुकण्याचा धोकाही वाढतो.

आणखी दोन गोष्टी त्यांना दिसल्या, आणि त्या मला फार उद्बोधक वाटतात. सामना अखेरच्या १५ सेकंदांत बरोबरीत असेल तर घसरण आढळली नाही. कदाचित चुकले तरी हार होणार नाही, हे खेळाडूला ठाऊक असते म्हणून. हा माझा तर्क आहे. आणि सामना साध्या साखळीतला आहे की बाद फेरीतला, प्रेक्षक किती आहेत, मैदान आपले आहे की परके, यांपैकी कशानेही या दबावाखालच्या खेळात फरक पडल्याचे दिसले नाही. म्हणजे मोठ्या स्पर्धेचे नाव खेळाडूला घाबरवत नाही. घड्याळ आणि फलक घाबरवतात.

अटीतटीला अंगात वारे संचारून खेळ एकाएकी उंचावतो असे या नोंदींत दिसत नाही. बहुतेकांचा खेळ थोडा खाली येतो, आणि ज्याची तयारी पक्की त्याचा कमी खाली येतो. शेजारचे खाली गेल्यामुळे तो उंच झालेला भासतो. गाडीतून जाताना आपल्याशेजारी उभी असलेली गाडी मागे सरकली की आपली पुढे निघाल्यासारखी वाटते, त्यातलाच प्रकार.

पण खेळ खाली का येतो? कोकणातल्या मुलांना हे समजावणे सोपे आहे. तुमच्यापैकी कित्येकजण साकवावरून व्हाळ ओलांडून शाळेत गेले असतील. उन्हाळ्यात त्याच साकवावरून तुम्ही दप्तर उडवत पळत जाता. आषाढात खाली लाल पाणी उसळत असते. साकव तेवढाच रुंद, पाय तेच. पण आता तुम्ही प्रत्येक पाऊल बघून टाकता, 'उजवा, आता डावा' असे मनात म्हणता आणि नेमके तेव्हाच डगमगता. जे काम शरीर सवयीने बिनचूक करत होते त्यात मनाने हात घातला की ताल बिघडतो.

रॉय बाउमाइस्टर या मानसशास्त्रज्ञाने १९८४ साली हीच कल्पना प्रयोगांनी तपासली. पुढे २००१ साली सायन बीलॉक आणि थॉमस कार यांनी गोल्फमधली जवळची फटकी घेऊन प्रयोग केले. सरावाच्या वेळीच ज्यांना चित्रण करणाऱ्या कॅमेऱ्यासमोर, स्वतःकडे लक्ष जाईल अशा रीतीने शिकवले होते, ते पुढे दबावाखाली डगमगले नाहीत. त्यांना त्या अवघडलेपणाची सवय झालेली होती. आपल्याकडे दशावतारातले नट कसे तयार होतात ते आठवा. भर गर्दीसमोर, रात्रभर उभे राहूनच ते तयार होतात.

मनाच्या जोडीला शरीरही असते. भीतीच्या क्षणी अ‍ॅड्रेनलिन हे संप्रेरक रक्तात मिसळते, हृदयाचे ठोके वाढतात, हातांना कंप सुटतो. धावणाऱ्याला किंवा कबड्डीतल्या पकडीला याचा फायदाही होईल. दीड अंशाच्या कामात मात्र तो कंप नडतो.

आता हे सारे तुम्ही स्वतः तपासून पाहा. शाळेत बास्केटबॉलचे कडे असेल तर उत्तम, नसेल तर बादली आणि टेनिसचा चेंडू पुरे. बादली अशा अंतरावर ठेवा की साधारण निम्म्या फेकी आत पडतील. प्रत्येकाने १० फेकी एकट्याने, कोणी बघत नसताना करायच्या; मोजणारा एक मित्र फक्त पाठमोरा उभा राहील आणि आवाजावरून मोजेल. दुसऱ्या दिवशी १० फेकी साऱ्या वर्गासमोर, आरडाओरडा चालू असताना. निम्म्या मुलांनी आधी गर्दीतल्या आणि मग एकांतातल्या फेकी कराव्यात, म्हणजे सरावामुळे होणारी सुधारणा दोन्हीकडे सारखी वाटली जाईल.

किती मुले लागतील? निम्मे यश मिळणाऱ्या फेकीत १० फेकींवरून काढलेले प्रमाण सहज १६ टक्क्यांनी इकडेतिकडे होते. म्हणजे एका मुलाच्या ७ फेकी आत गेल्या आणि दुसऱ्या दिवशी ४ गेल्या, तर त्यावरून काहीच ठरत नाही. १० टक्क्यांची घसरण ओळखायची असेल तर प्रत्येक प्रकारच्या निदान २०० फेकी हव्यात, म्हणजे किमान २० मुले. ५ टक्क्यांची ओळखायची असेल तर चौपट, म्हणजे ८० मुले. आठवी आणि नववीचे वर्ग एकत्र करावे लागतील. नोंदवहीत मुलांची नावे न लिहिता क्रमांक लिहा. आणि एखाद्या क्रमांकाने दहाच्या दहा चेंडू बादलीत टाकले, तर त्याला तिसऱ्या दिवशी पुन्हा बोलवा.